ट्रॅफिकची कम्प्लेंट करायचीय? आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसात, मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. महाराष्ट्र धरून लिहिलंय. कलमं मोटार वाहन कायदा १९८८ ची, २०१९ च्या मोठ्या दुरुस्तीनंतरची. दंडाचे आकडे कायद्यातले आहेत, तडजोडीत (कोर्टात न जाता) भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं त्यामुळे चलानवर कधी वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका.

१. मी साधा माणूस आहे, दुसऱ्याची कम्प्लेंट करायचा मला हक्क आहे का?

आहे ना. गुन्हा होताना दिसला तर पोलिसांना कळवायला कुठलं ओळखपत्र किंवा पद लागत नाही. फक्त एक समजून घ्या, चलान तुम्ही करत नाही, तुम्ही माहिती देता. पुढे ती तपासायची, चलान करायचं की नुसती समज द्यायची की काहीच करायचं नाही हे पोलिसांच्या हातात. अर्धी भांडणं इथेच होतात, लोकांना वाटतं मी फोटो टाकला म्हणजे समोरच्याला दंड झालाच पाहिजे.

२. पाठवायचं कुठे?

आत्ता, या क्षणी कुणाच्या जिवाला धोका आहे (नागमोडी जाणारा ट्रक, हायवेवर उलटा येणारा टेम्पो) तर थेट ११२. नॅशनल हायवेवर बंद पडलेली गाडी, रस्त्यावर सांडलेला माल, असलं काही असेल तर १०३३. घडून गेलेला गुन्हा असेल आणि फोटो-व्हिडिओ असेल तर महाट्रॅफिक ॲप, किंवा तुमच्या शहराच्या ट्रॅफिक पोलिसांचं अधिकृत एक्स अकाउंट. रिक्षावाला भाडं नाकारतो, मीटरपेक्षा जास्त मागतो, स्कूल व्हॅनमध्ये पोरं कोंबलीत, हे आरटीओकडे, कारण परमिट त्यांच्या हातात असतं. आणि शहर बघून पाठवा, गाडी एमएच-१४ ची असली तरी गुन्हा नागपुरात झाला असेल तर कम्प्लेंट नागपूरची.

३. फोटोत नेमकं काय दिसायला हवं? माझे फोटो रिजेक्ट होतात.

नंबर, गुन्हा, जागा, वेळ, या चार गोष्टी. बहुतेकांच्या फोटोत नंबर झकास असतो आणि गुन्हा गायब असतो!

हेल्मेट नाही किंवा ट्रिपल सीट, तर एक स्वच्छ फोटो पुरतो, फक्त गाडी चालू आहे हे कळलं पाहिजे, पानाच्या टपरीसमोर स्टँडवर लावलेल्या गाडीवर तिघं बसले असतील तर तो गुन्हा नाही, टाइमपास आहे. सिग्नल तोडला असेल तर फोटो जवळपास निरुपयोगी, व्हिडिओच लागतो आणि त्यात लाल दिवा, स्टॉप लाइन आणि गाडी एकाच फ्रेममध्ये हवी, आधी लाल लागला आणि मग गाडीने लाइन ओलांडली हा क्रम दिसला पाहिजे. पिवळ्यावर आत शिरून चौकात अडकलेली गाडी लाल दिव्यात उभी दिसते, तिचा फोटो काढून लोक पाठवतात आणि मग रागावतात. राँग साइडला दिशा कळायला हवी, म्हणजे बाकीच्या गाड्या कुठे तोंड करून चालल्यात, डिव्हायडर कुठल्या बाजूला आहे, किंवा वन-वेचा बोर्ड. नो पार्किंगला तो बोर्डच फ्रेममध्ये घ्या. बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग असतं, तेव्हा पाठवायच्या आधी तारीख बघा.

आणि हे महत्त्वाचं: क्रॉप करू नका, फिल्टर नको, लाल गोल काढू नका, स्क्रीनशॉट पाठवू नका. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो दाबून छोटा झालेला असतो आणि त्यातली वेळेची मूळ नोंदही गेलेली असते. कॅमेऱ्यातली ओरिजिनल फाइल ठेवा आणि तीच अपलोड करा. सोबत दोन ओळी पुरे, "अमुक चौकातून तमुककडे जाताना, सकाळी साधारण इतके वाजता, उलट दिशेने." देशाची वाट लागलीय हे त्यात लिहायची गरज नाही, वाचणाऱ्या मामांना ते आपल्यापेक्षा जास्त माहितीये.

४. मी स्वतः गाडी चालवत असताना व्हिडिओ काढला तर?

नाही. नाही म्हणजे नाही. चालवताना हातात मोबाईल धरणं हे कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच येतं, पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर हातातला मोबाईल फक्त मॅपवर रस्ता बघायला चालतो, तोही लक्ष विचलित न होता. म्हणजे बिनहेल्मेटवाल्याला पकडून द्यायला तुम्ही त्याच्यापेक्षा मोठा गुन्हा करताय आणि त्याचा पुरावा स्वतःच पोलिसांना पाठवताय. मागे बसलेल्याला काढू दे, किंवा बाजूला थांबून नंबर लिहून घ्या, नाहीतर सोडून द्या. डॅशकॅमचं पुढच्या प्रश्नात.

५. डॅशकॅम लावणं कायदेशीर आहे ना?

हो. समोरचं दिसायला अडथळा होईल असा लावू नका म्हणजे झालं. तारीख-वेळ एकदा नीट सेट करा, कितीतरी लोकांच्या फुटेजवर भलतंच साल असतं आणि मग चांगला पुरावा वाया जातो. बहुतेक डॅशकॅम जुनं फुटेज पुसून त्यावर नवीन रेकॉर्ड करतात, त्यामुळे काही घडलं की त्याच दिवशी फाइल बाजूला काढा. प्रकरण कोर्टापर्यंत जाणारं असेल (अपघात वगैरे) तर मेमरी कार्डला हात लावू नका, तसंच जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फाइल असली की ते सोपं जातं.

६. समोरच्याला माझं नाव कळेल का? भीती वाटते.

चलानवर कम्प्लेंट करणाऱ्याचं नाव छापलेलं नसतं. माहिती अधिकारातही कलम ८(१)(छ) आहे, कायदा राबवण्यासाठी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल असं असेल तर ती द्यायला नकार देता येतो. पण तुम्ही एक्सवर स्वतःच्या नावाने, फोटोसकट, पोलिसांना टॅग करून पब्लिक पोस्ट टाकलीत तर ती अख्ख्या जगाला दिसणार, त्यात पोलीस काय करतील! भीती असेल तर ॲप वापरा. गंभीर गुन्ह्यात जबाब द्यावा लागू शकतो, तिथे नाव लपून राहीलच असं नाही.

७. कशाची कम्प्लेंट करावी आणि कशाची सोडून द्यावी?

हा प्रश्न कमी लोक विचारतात पण मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. माझा हिशोब सोपा आहे, यामुळे दुसऱ्या कुणाचं हाड मोडू शकतं का? राँग साइड, सिग्नल तोडणं, फुटपाथवरून बाइक, झेब्रावर लोक असताना न थांबणं, शाळेजवळ सुसाट, रात्री बिनलाइटची ट्रॉली, यांना अजिबात सोडू नका. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली आणि त्यातले बहुतेक मृत्यू वेगाशी जोडलेले होते. त्यामानाने दुकानासमोर दोन मिनिटं तिरकी लावलेली स्कूटर, नवशिक्या ड्रायव्हरची चढावर बंद पडलेली गाडी, इंडिकेटर चालू राहिलेला काका, यांना हाताने खुणावलं तरी काम होतं. दिवसाला वीस हेल्मेटचे फोटो पाठवणारे लोक आहेत, चूक काही नाही त्यात, पण त्याच चौकात रोज उलटा येणारा पाण्याचा टँकर त्यांच्या एकाही फोटोत नसतो कारण त्याचा व्हिडिओ काढायला थांबावं लागतं.

आणि राग आलेला असताना पाठवू नका. घरी जा, पाणी प्या, क्लिप पुन्हा बघा. बऱ्याचदा दिसतं की त्याने कट मारला हे खरं पण आपणही त्याला घुसू द्यायचं नाही म्हणून वेग वाढवला होता.

८. हायवेवर मी राइट लेनमध्ये लिमिटने चाललोय, मागचा डिपर मारत चिकटतो. चूक कुणाची?

दोघांची, फक्त त्याची जास्त धोक्याची. एवढं जवळ चिकटला तर ब्रेक लागायला जागाच उरत नाही. पण उजवी लेन ओव्हरटेकची आहे, ओव्हरटेक झालं की डावीकडे यायचं, "मी १०० वर आहे, लिमिटच १०० आहे, त्याने का जावं पुढे" हा वाद घालायची ती जागा नाही. स्पीडचं पोलीस बघतील, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर त्यासाठी कॅमेरे बसवलेच आहेत. त्याला शिकवण्यासाठी मुद्दाम ब्रेक मारणं, हे जे काही लोक करतात, त्यात मागून ठोकर बसली तर आधी तुमची मान जाते. ट्रक उजव्या लेनमध्ये रांगत असेल तर मात्र ती कम्प्लेंट जरूर करा, एक्सप्रेसवेवर जड वाहनांनी डावीकडेच राहायचंय.

९. समोरचा हाय बीम बंद करत नाही, मग मी पण मारू का?

मारून काय होतं, आता दोघंही आंधळे. एकदा डिपर द्या, नाही कमी केला तर वेग कमी करा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवा. याची कम्प्लेंट नुसत्या फोटोवरून सिद्ध करणं अवघड आहे, कारण मोबाईलच्या कॅमेऱ्यात साधा लाइटसुद्धा सूर्यासारखा दिसतो.

१०. घाटात अरुंद जागी समोरासमोर आलो तर कुणी थांबायचं?

उतरणाऱ्याने. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये हे आहे आणि जुन्या ड्रायव्हर लोकांना ते न वाचताही माहीत असतं. लोड घेऊन चढणारा ट्रक एकदा थांबला की पुन्हा उचलायला जीव जातो त्याचा. वरंधा घाटासारख्या रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी जे अडकतं ते बहुतेक वेळा उतरणारी एक गाडी रांग सोडून पुढे घुसल्यामुळेच.

११. पाऊस किंवा धुकं असलं की हजार्ड लाइट लावून चालवावं ना?

नका. हजार्ड म्हणजे मी उभा आहे किंवा मला प्रॉब्लेम झालाय. चालत्या गाडीचे चारही लुकलुकत असले की मागच्याला तुमचा इंडिकेटर कळतच नाही, ब्रेक लाइटही त्यात हरवतो. हेडलाइट लो बीमवर लावा आणि अंतर वाढवा. बोगद्यातही तेच, आणि चौकात सरळ जायचंय म्हणून चारही लावणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार.

१२. हॉर्नची कम्प्लेंट होते का?

होते. कलम १९४फ, विनाकारण किंवा सतत हॉर्न, किंवा बंदी असलेल्या ठिकाणी हॉर्न, पहिल्यांदा हजार, पुन्हा केलं तर दोन हजार. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. पण फोटोत आवाज येत नाही, त्यामुळे व्हिडिओ पाठवा. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचं प्रकरण वेगळं, ते मॉडिफिकेशन आहे, एकाच गल्लीत रोज रात्री येत असेल तर वेळ आणि जागा कळवा म्हणजे नाकाबंदीत सापडतो.

१३. बिल्डिंगमधला पोरगा १५ वर्षांचा आहे आणि ॲक्टिव्हा पळवतो. आईबापांशी संबंध चांगले आहेत, काय करू?

आधी आईबापांशीच बोला, पण गोड गोड नको, कलम १९९अ काय आहे ते सांगा. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. शेवटची गोष्ट ऐकल्यावर बहुतेक घरांत चावी कपाटात जाते असा माझा अनुभव आहे.

अपवाद एक: १६ पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळू शकतं. तेव्हा ती कुठली गाडी आहे ते बघून बोला, ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. बोलूनही ऐकलं नाही तर कम्प्लेंट करा, मात्र फोटोवरून वय सिद्ध होत नाही म्हणून क्लासच्या गेटसमोर अमुक वेळेला असतो असं लिहिलेलं जास्त उपयोगी. आणि पोराचा चेहरा ग्रुपवर फिरवू नका (१८ वा प्रश्न बघा).

१४. पुढचा ड्रायव्हर दारू प्यायलाय असं वाटतंय, पाठलाग करू?

पाठलाग बिलकुल नाही. अंतर ठेवा, बाजूला थांबा, ११२ लावा. "प्यायलाय" म्हणू नका, काय दिसलं ते सांगा: लेन सोडतोय, डिव्हायडरला घासला, लाइट बंद आहेत, कुठल्या दिशेने चाललाय, रंग आणि नंबर. प्यायला की नाही ते मशीन ठरवेल, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागतं. शुगर कमी झालेला किंवा ॲटॅक आलेला माणूसही तशीच गाडी चालवतो, आणि त्यालाही पोलीस लवकर पोचणंच हवं असतं.

१५. पोलीसच बिनहेल्मेटचा असेल तर?

त्याच मार्गाने, तशीच कम्प्लेंट. उलट कलम २१०ब म्हणतं की कायदा राबवायचा अधिकार ज्याला आहे त्यानेच गुन्हा केला तर दंड दुप्पट. खासगी गाडीवर "पोलीस" किंवा "महाराष्ट्र शासन" अशी पाटी असली म्हणून सिग्नल माफ होत नाही. सायरन लावून इमर्जन्सीला निघालेली ॲम्ब्युलन्स किंवा फायरब्रिगेड वेगळी, त्यांना जपून सिग्नल ओलांडायची मुभा आहे, त्यांचे व्हिडिओ पाठवू नका.

१६. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला स्टॉप लाइन ओलांडली आणि कॅमेऱ्याने मलाच चलान पाठवलं!

असं होतं, कॅमेऱ्याला मागची ॲम्ब्युलन्स कळेलच असं नाही. ई-चलान पोर्टलवर त्या चलानविरुद्ध तक्रार नोंदवा, तारीख-वेळ सांगा, डॅशकॅम असेल तर क्लिप द्या. आणि पुढच्या वेळी वाट द्यायचीच, न देणाऱ्याला कलम १९४ई मध्ये दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. शक्य असेल तर डावीकडे सरका, सिग्नल पार करून पळायची गरज बऱ्याचदा नसते.

१७. पोलिसांनाच खासगी मोबाईलवर फोटो काढून चलान करायला मनाई झालीय म्हणे, मग माझ्या मोबाईलचा फोटो कसा चालतो?

चांगला प्रश्न. २०२५ मध्ये निघालेला तो आदेश चलान करणाऱ्या पोलिसांसाठी आहे, स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने अपलोड करायचे नाहीत, ई-चलान मशीन वापरायचं. तुमचा फोटो म्हणजे चलान नाही, माहिती आहे (पहिला प्रश्न). ती तपासून पुढचं करणारा अधिकारी वेगळा असतो. पण लवकर पाठवा, महिन्याभराने आठवण झाली म्हणून पाठवलेल्या फोटोला फार अर्थ राहत नाही, कॅमेऱ्याच्या नोंदीवरून जाणारी नोटीससुद्धा गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे.

१८. व्हिडिओ इन्स्टावर टाकला तर? लाज वाटून तरी सुधारेल.

सुधारत नाही, भांडायला येतो. शिवाय नंबर एका आकड्याने चुकला तर भलत्याच माणसाच्या दारात लोक जातात, आणि ज्याची बदनामी झाली तो तुमच्यावर केस करू शकतो. आधी पोलिसांना द्या. त्यातूनही लोकांना दाखवायचंच असेल तर नंबर आणि चेहरे झाका, रस्ता आणि चूक दिसली की विषय कळतो. गाडीमालकाचं नाव शोधून काढायच्या भानगडीत पडू नका, सरकारी ॲपवर ते अर्धवट झाकलेलंच येतं आणि ते मुद्दाम तसं आहे.

१९. नंबर दिसतो पण चालवणारा दिसत नाही, चालेल?

चालेल. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं ही मालकाची जबाबदारी आहे, कलम १३३. नंबरच दुमडलेला, चिखल फासलेला किंवा "दादा" वाचता येईल असा लिहिलेला असेल तर तो स्वतंत्र गुन्हा, तेवढ्याचाही फोटो पाठवा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागते, त्यामुळे असल्या कलाकारीला फारसा वाव राहिलेला नाही.

२०. सोसायटीत माझ्या जागेवर शेजारी गाडी लावतो, ट्रॅफिकला कळवलं तर उचलतील?

नाही. कंपाउंडच्या आतलं पार्किंग कमिटीने बघायचं. गेटबाहेर सार्वजनिक रस्त्यावर गेट अडवून लावली असेल तर मात्र पोलिसांचा विषय. आणि जुनं भांडण काढायला खोटी कम्प्लेंट करू नका, सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड.

२१. बक्षीस मिळतं का?

दिल्लीत मिळतं, तिथलं ट्रॅफिक प्रहरी ॲप सप्टेंबर २०२४ पासून नव्याने सुरू झालं आणि महिन्याला पहिल्या नंबरला ५० हजार ठेवलेत. मला स्वतःला पैशाची कल्पना आवडत नाही, लोक मग सोपे फोटो शोधत फिरतात (७ वा प्रश्न). अपघातग्रस्ताला वेळेत हॉस्पिटलला पोचवणाऱ्यासाठी केंद्राची राहवीर योजना मात्र सगळीकडे आहे, २५ हजार रुपये, आणि कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. तिथे फोटो नंतर, आधी १०८.

२२. त्याला तिथेच थांबवून सांगू का?

सिग्नलला शेजारी उभा असेल तर हसून "दादा, स्टँड वर घ्या", "ताई, ओढणी चाकात जातेय" एवढं जरूर सांगा, लोक थँक्यू म्हणतात. राँग साइडवाल्यासमोर गाडी आडवी घालून उभं राहू नका. वाट अडवायचा अधिकार तुम्हाला नाही, आणि तो उतरून आला तर पुढे काय हे दोघांनाही माहीत नसतं.

२३. पाठवून महिना झाला, काहीच झालं नाही. पुन्हा पाठवू?

तोच फोटो पुन्हा नको. रेफरन्स नंबर असेल तर स्टेटस बघा, बंद केली असेल तर कारण वाचा, बहुतेक वेळा ते तिसऱ्या प्रश्नातलंच काहीतरी असतं. एकाच जागी रोज तेच होत असेल, उदाहरणार्थ यू-टर्न एक किलोमीटर लांब ठेवलाय म्हणून अख्खी वस्ती राँग साइडने येते, तर एकेका गाडीची कम्प्लेंट करून भागत नाही. ट्रॅफिक डिव्हिजनच्या वरिष्ठ निरीक्षकांना आणि महापालिकेच्या रस्ते विभागाला पत्र द्या, आठवडाभराच्या वेळा लिहा, नकाशावर जागा दाखवा, आसपासच्या दहा-वीस लोकांच्या सह्या घ्या आणि पोच मागून घ्या. डिव्हायडरमधली एक फट बुजवली किंवा एक कट उघडला की रोजचे पन्नास गुन्हे तिथल्या तिथे बंद होतात.